दोन खोल्यांमधला समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. टाकी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गच्चीवरची पाण्याची टाकी आली असेल, तर तिला आधी खाली उतरवा. मी काचेची आहे. माझ्या पोटात खारं पाणी आहे, खडक आहेत, मासे आहेत आणि लोक ज्याला दगड समजतात पण जे खरं म्हणजे जिवंत असतं, ते प्रवाळ आहे. एका घराच्या भिंतीत मला बसवलंय. माझ्या एका बाजूला त्या घराचा दिवाणखाना आणि दुसऱ्या बाजूला दातांच्या दवाखान्याची बसायची खोली. एका अंगाने मी गप्पा मारणारी माणसं बघते, दुसऱ्या अंगाने गाल धरून बसलेली. करमणुकीला कधी तोटा पडला नाही.

आता माझ्या काचेवर बारीक चरे पडलेत, सांधे पिवळट झालेत. पण मी गळत नाही. हे मी जरा मिरवूनच सांगते, कारण म्हाताऱ्या टाकीची सगळी अब्रू तेवढ्यावरच असते.

मला घडवलं ते या घरातल्या डॉक्टरबाईंनी. त्या दातांच्या डॉक्टर. तरुणपणी एकदा त्यांनी तोंडाला नळी लावून समुद्रात डोकं बुडवलं, खालचं प्रवाळ पाहिलं आणि वर आल्या त्या हे आपल्या घरात आणायचं, असं मनाशी ठरवूनच. पुढे कित्येक वर्षं दिवसभर लोकांचे दात आणि डोक्यात प्रवाळ, असंच चाललं. माणसं एखादी गोष्ट ठरवतात आणि विसरतात. या बाई विसरल्या नाहीत, म्हणून मी आहे.

आणि त्यांचं नियोजन तरी किती काटेकोर! काच मागवण्याच्या आधी त्यांनी खोकी कापून, चिकटवून माझ्या मापाचा एक पुठ्ठ्याचा ठोकळा केला आणि भिंतीपाशी मांडून ठेवला. घरातली माणसं कित्येक आठवडे त्या ठोकळ्याला वळसा घालून ये-जा करत होती. रोज काम आटोपलं की डॉक्टरबाई स्टुलावर चढायच्या आणि त्या रिकाम्या पुठ्ठ्यात खांद्यापर्यंत हात घालून कोपरे चाचपायच्या. आलेगेलेले गालातल्या गालात हसायचे. पण त्या वेडेपणातूनच त्यांना कळलं की त्यांचा हात तळाशी पोचत नाही. पोचला नाही तर तळ साफ कोण करणार? त्यांनी लगेच पट्टी घेतली आणि माझी उंची वीतभर कापली. दुकानात टाक्या मिळतात त्या दुकानाच्या मापाने. मी माझ्या माणसाच्या हाताच्या मापाने झाले.

मग इमारतींचे इंजिनियर आले. त्यांनी जमीन ठोकून पाहिली, भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाले, "बाई, पाणी भरल्यावर हिचं वजन म्हणजे दिवाणखान्यात मोटारगाडी उभी केल्यासारखं होईल." डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग गाडी उभी राहील अशीच सोय करा." झालं! गवंड्याने भिंत फोडली, वर भक्कम तुळई टाकली, खाली पक्का ओटा बांधला. घरभर धूळ उडाली. डॉक्टरबाईंनी तोंडाला दवाखान्यातला मास्क लावून सगळं समोर उभं राहून करून घेतलं.

काचवाल्या काकांनी मला जोडलं तो दिवस मला अजून आठवतो. कडेला चिकटपट्ट्या, मधून गोंदाची एकसंध ओळ आणि त्यावरून फिरणारं काकांचं बोट. ओळ पुरी होईपर्यंत गडी शिंकलाही नाही. पुढे माझ्यात नुसतं साधं पाणी भरलं आणि खाली कोरे कागद अंथरले. कागद ओला झाला की टाकी नापास. मी अशी छाती फुगवून बसले होते म्हणून सांगू! कागद कोरे राहिले आणि काकांनी मला थोपटलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

याच सुमाराला या घरात आणखी एक माणूस राहायला आला. डॉक्टरबाईंचे वडील. त्यांनी जन्मभर बेकरी चालवली. पहाटेच्या भट्टीने आणि उभ्या कामाने गुडघे गेले, तेव्हा बेकरी बंद करून ते लेकीकडे आले. दवाखान्यात येणारी मुलं त्यांना पाववाले आजोबा म्हणू लागली. लेक त्यांना बाबा म्हणायची आणि ते पन्नाशीला आलेल्या त्या डॉक्टरला ठमी म्हणायचे, अगदी पेशंटसमोरसुद्धा.

आजोबांची गंमत अशी की त्यांचे हात कधी स्वस्थ बसत नसत. खुर्चीत बसले की ते स्वतःच्याच मांड्या मळत बसायचे. पीठ गेलं होतं, पण हातांना कुणी ते कळवलं नव्हतं. डॉक्टरबाई निळ्या पिंपात मीठ विरघळवून माझ्यासाठी समुद्राचं पाणी तयार करू लागल्या, तेव्हा आजोबा जवळ जाऊन उभे राहिले, हळूच बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"बाबा! ते खायचं मीठ नाही!"

"खात कुठे होतो? चव बघत होतो. पीठ असो नाहीतर पाणी, चव बघितल्याशिवाय मीठ कळतं होय?"

खडक रचायचं काम मात्र बघण्यासारखं झालं. डॉक्टरबाईंनी दात भरायच्या हाताने खडकांच्या फटी भरल्या. एक खडक दुसऱ्यावर असा बेतला की मधून पाणी खेळावं, माशांना लपायला कपार मिळावी आणि प्रवाळाला उजेड पोचावा. एक कमान तर त्यांनी इतक्यांदा मोडून परत रचली की मीच कंटाळले. पण शेवटी ती उभी राहिली, आणि इतक्या वर्षांत तिचा एक कपचा हललेला नाही.

त्यानंतर काय झालं, ओळखा पाहू. मासे आले? अजिबात नाही. माझ्यात नुसतं पाणी आणि दगड ठेवून डॉक्टरबाई गप्प बसल्या. आठवड्यांमागून आठवडे गेले. पेशंट विचारायचे, "मासे फिरायला गेलेत का?" एकाने तर गावभर सांगितलं की दातांच्या डॉक्टरांनी दगड पाळलेत. माझा अगदी पाणउतारा झाला. पण त्या वेळात माझ्या खडकांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव वाढत होते. माशांची घाण पचवायचं काम तेच करतात. ते नसतील तर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. हे सगळं लेकीने समजावलं, तेव्हा आजोबांचा चेहरा उजळला. "म्हणजे पावाच्या पिठाला लावतात तसं आंबवण लावलंय म्हण की! मग घाई करून चालायचंच नाही." त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग हळूहळू माझे दिवस पालटले. आधी गोगलगायी आल्या, मग केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी, मग प्रवाळाचे नखाएवढे तुकडे. ते तुकडे वाढले. एक फांद्याफांद्यांचं झालं, त्याचं नाव पडलं शिंगाळं. दुसरं गोल, वळ्यावळ्यांचं, हिरवंगार. त्याचं नाव आजोबांनी कणीक ठेवलं. दोन्ही खोल्यांत निळसर उजेड पडू लागला. दाढदुखीने रडत आलेली मुलं माझ्यापाशी येऊन गाल सोडून द्यायची आणि आत बोलावलं तरी हलायची नाहीत. कुणी आलं की आजोबाच माझी ओळख करून द्यायचे. असा मान कोणाला नाही आवडणार?

पण आजोबांना मला हात लावायची परवानगी नव्हती. त्याला कारण होतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी प्रेमाने माशांना टोस्टचा चुरा घातला होता. पाणी गढूळ झालं आणि डॉक्टरबाईंनी हात जोडले. "बाबा, नुसतं बघा. हात लावू नका." आजोबांनी ते ऐकलं, अगदी मनापासून पाळलं. पुढे दवाखान्यात गर्दी वाढली, डॉक्टरबाईंना जेवायला वेळ मिळेना. माझ्या काचेवर शेवाळ धरलं, काठावर मिठाचे पापुद्रे साचले. आजोबा समोर बसून ते शेवाळ बघायचे आणि मांड्या मळायचे. एकदा म्हणाले, "ठमे, काच मी पुसू का?" त्या आतूनच म्हणाल्या, "नको बाबा, मी बघते रविवारी." तो रविवार काही लवकर आला नाही. त्या माणसाला या घरात सगळं होतं, काम तेवढं नव्हतं. मला त्यांची फार दया यायची, पण टाकीचं कोण ऐकतं?

आणि मग तो फोन आला. डॉक्टरबाईंची मुलगी दुसऱ्या शहरात शिकायला होती. तिच्या पोटाचं तातडीचं ऑपरेशन करावं लागणार होतं. दवाखाना बंद झाला, बॅग भरली गेली. माझ्यात आपोआप पाणी घालणारं यंत्र नेमकं त्याच आठवड्यात बिघडलं होतं. डॉक्टरबाई चपला घालता घालता म्हणाल्या, "बाबा, हिचं पाणी रोज थोडं उडून जातं. या रेघेच्या खाली गेलं की पांढऱ्या पिंपातलं साधं पाणी घाला, रेघेपर्यंत. माशांना खाणं दिवसातून एकदाच, चिमूटभर. बाकी काही करू नका."

"तू निघ. पोरीकडे बघ. ही माझ्याकडे लागली," आजोबा म्हणाले. दार लागल्यावर ते माझ्यासमोर ताठ उभे राहिले. बेकरीचा मालक पुन्हा कामावर रुजू झाला होता.

दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली गेलं. आजोबांनी पांढऱ्या पिंपाचं झाकण उघडलं, आतलं पाणी चाखलं आणि थबकले. अळणी! शेजारीच निळं पिंप होतं, त्यात मीठ विरघळवलेलं पाणी तयार होतं. ते महिन्याकाठी माझं पाणी बदलताना लागतं. आजोबांनी निळ्या पिंपाकडे पाहिलं, पांढऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पीठ वाढवलं की मीठही वाढवायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. खाऱ्या समुद्रात अळणी पाणी कोण ओततं? ठमी घाबरलेली होती, घाईत उलटं बोलून गेली. असा विचार करून त्यांनी लेकीची चूक प्रेमाने सुधारली आणि निळ्या पिंपातून बादली भरली.

मित्रांनो, मी ओरडू शकत असते तर तेव्हा ओरडले असते. पाणी उडून जातं, पण मीठ उडत नाही. ते मागेच राहतं. वरून पुन्हा खारं पाणी घातलं की मीठ साचत जातं. आजोबा रोज नेमाने, एक थेंबही न सांडता, माझ्यात मीठ वाढवत होते. काठावरचे पांढरे पापुद्रे ते रोज सकाळी स्वच्छ फडक्याने पुसायचे. इतकी निगा माझी त्याआधी कुणी राखली नव्हती, आणि तीच मला बाधत होती.

एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं. गोगलगायी तळाशी पडल्या होत्या त्या उठल्याच नाहीत. शिंगाळ्याची टोकं पांढरी पडली होती. कणीक आक्रसून तिच्या वळ्यांच्या धारा उघड्या पडल्या होत्या. मासे वेगाने धापा टाकत होते. आजोबांनी काचेला नाक लावून पाहिलं. मग त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. निळ्या पिंपापाशी पाहिलेली चव ही नव्हती. त्यांनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ते मिठाने कडक झालं होतं. बेकरीत भट्टीवर मिठाचं पाणी विसरलं की पातेल्यात नुसतं मीठ उरायचं, ते त्यांनी शंभरदा खरवडून काढलं होतं. आता सगळा उलगडा झाला. ते मटकन खुर्चीत बसले.

बसले ते क्षणभरच. मग उठले आणि पांढऱ्या पिंपातून काठोकाठ बादली भरून माझ्यापाशी आले. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. भराभर साधं पाणी ओतलं तर खारेपणा उतरेल, मेलेल्या गोगलगायी वेचून टाकता येतील आणि लेकीला काही कळणारही नाही. सांगितलं तर पुन्हा ते वाक्य ऐकायचं. नुसतं बघा, हात लावू नका. या वेळी ते मरेपर्यंत पुरलं असतं.

बादली माझ्या काठापर्यंत आली होती. आजोबांनी ती तशीच एका हाताने पोटाशी धरली आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"ठमे, पोर बरी आहे ना?"

"बरी आहे बाबा, आज चालली. तुमचा आवाज असा का येतोय?"

"मी घोळ घातलाय. तू साधं पाणी सांगितलं होतंस. मी रोज खारं घातलं. मला वाटलं तू चुकलीस. गोगलगायी मेल्या. कणीक मिटलीय." ते एका दमात बोलले आणि थांबले.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "बाबा, आत्ता हातात बादली आहे का?"

"आहे."

"साध्या पाण्याची?"

"हो."

"ती आधी खाली ठेवा."

आजोबांनी बादली खाली ठेवली. माझ्यासकट सगळ्या माशांचा जीव भांड्यात पडला.

"एकदम ओतलं असतंत तर उरलेलंही गेलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चढायला जितके दिवस लागले तितकेच उतरायला द्यायचे. सकाळी अर्धी बादली खारं काढा, तेवढंच साधं घाला, अगदी बारीक धारेने. संध्याकाळी तसंच. मी आणखी काही दिवस येऊ शकणार नाही. जमेल?"

"तुझा माझ्यावर भरवसा राहिला असेल, तर जमेल."

"बाबा, तुम्ही फोन केलात ना? मग."

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही. आजोबांनी स्टूल ओढलं आणि नळीची धार बोटांच्या चिमटीत धरून बसले. गुडघे दुखायचे, बोटं वळायची, पण धार कधी जाड झाली नाही. पीठ फुगायची वाट बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला वाट बघणं काय शिकवायचं? अधूनमधून कणकेला विचारायचे, "बरं वाटतंय का गं?" ती काही बोलायची नाही. शिंगाळं तर दिवसेंदिवस पांढरंफटक होत गेलं आणि एका सकाळी त्यावर जीव उरला नव्हता. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. धार मात्र तशीच चालू होती. आणि मग एका संध्याकाळी कणकेची एक कड किंचित फुगली. आजोबांनी टाळी वाजवली आणि लगेच मासे दचकतील म्हणून स्वतःलाच दटावलं.

डॉक्टरबाई परत आल्या, त्या बॅग खांद्यावर ठेवूनच माझ्यासमोर उभ्या राहिल्या. कणीक जवळजवळ भरून आली होती. शिंगाळं पांढरं उभं होतं.

"ते माझ्यामुळे गेलं," आजोबा मागून म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. त्यांनी उगाच समजूत घातली नाही. मग बॅग खाली ठेवत म्हणाल्या, "थोडं माझ्यामुळेही. काय करायचं ते मी सांगून गेले, का करायचं ते सांगितलंच नाही. इतकी वर्षं तुम्ही हिच्यासमोर बसलाय आणि मी तुम्हाला काही शिकवलं नाही."

त्यांनी कपाटातून दुर्बिणीसारखं छोटं यंत्र काढलं. त्याच्या काचेवर माझ्या पाण्याचा एक थेंब सोडला आणि ते आजोबांच्या डोळ्याला लावलं. "काय दिसतंय?"

"वर निळं, खाली पांढरं."

"दोन्ही मिळतात तिथला आकडा वाचा. हाच हिचा खारेपणा."

आजोबांनी वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग बोट बुडवून चव बघितली आणि म्हणाले, "बरोबर दाखवतंय तुझं यंत्र." डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला, पण हसल्या.

थोड्याच दिवसांनी त्यांना मुलीच्या तपासणीसाठी पुन्हा जावं लागलं. आजोबा आदल्या दिवसापासून अस्वस्थ होते. बॅग दाराशी आली तेव्हा न राहवून म्हणाले, "ठमे, या खेपेला हिच्यासाठी कुणीतरी जाणतं माणूस ठेव बाई. विषाची परीक्षा नको."

"ठेवलंय की," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी चपला घातल्या, बॅग उचलली आणि गेल्या. कुठलं पिंप, किती पाणी, केव्हा, कसं, एक सूचना दिली नाही. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आजोबा बंद दाराकडे बघत उभे राहिले. त्यांचे हात दोन्ही बाजूंना सरळ लोंबत होते, अगदी शांत.

मित्रांनो, मी काचेची आहे, मला तुमच्याकडे फार काही मागता येत नाही. एवढंच मागते. ज्याची निगा राखता, त्याला काय लागतं ते आधी विचारून घ्या, नुसत्या मायेवर जाऊ नका. आणि घरातला कुणी चुकला, पण आपण होऊन सांगायला आला, तर त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. ते पुन्हा त्याच्याच हातात द्या, आणि देताना मागे वळून पाहू नका.